आवाज करणारा टॅपेट

जुनी मोटरसायकल घ्यायला आलेला माणूस बघण्यापेक्षा ऐकतो जास्त. गाडी सुरू झाली की मान तिरकी करून कान इंजिनाच्या हेडजवळ नेतो. टिकटिक ऐकू आली की चेहरा पडतो; इंजिन मुकाट चाललं की बोलणी पुढे सरकतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे कितीतरी सौदे माझ्यासमोर झाले आणि त्यातले बरेचसे नुसत्या कानावर झाले. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माझं मत नेमकं उलट झालं आहे. टिकटिकणाऱ्या गाडीची मला फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती डोंगरात, चिखलात, मुरुमात भरपूर फिरलेल्या आणि तरीही आवाज न करणाऱ्या गाडीची.

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅम फिरतो, कॅम रॉकर आर्मला उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांडीला दाबून तो उघडतं. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि दांडी यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. टॅपेट सेट करायचे म्हणजे ही फट मोजायची, कमीजास्त झाली असेल तर रॉकरच्या टोकाचा स्क्रू फिरवून जागेवर आणायची आणि लॉकनटने पक्की करायची. मापं शतांश मिलिमीटरची. लहान इंजिनांत इनटेकला ०.१० मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे, एक्झॉस्टला बहुधा त्याहून थोडी जास्त. नेमका आकडा ज्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा; एकीचा दुसरीला चालत नाही.

एवढ्याशा फटीसाठी एवढा जीव का टाकायचा, तर उष्णतेमुळे. चालत्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ही उष्णता निघून जायला मोठी वाट एकच आहे. व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर टेकतो, तेवढ्या क्षणात ती सीटमधून हेडमध्ये उतरते. सुमारे तीन चतुर्थांश अशी जाते, उरलेली दांडीवरून गाइडमध्ये. फट संपली की रॉकर व्हॉल्व्हला पुरतं बसूच देत नाही. डोळ्याला दिसणार नाही अशी चीर राहते, तिच्यातून पेटलेला वायू जोरात सुटतो, आणि जिथून उष्णता बाहेर जायची तिथूनच ती आत येते. कड जळायला लागते. हे सगळं होत असताना बाहेर काही ऐकू येत नाही. फट वाढली तर आवाज होतो, पिकअप थोडा पडतो, स्क्रूचं टोक ठोकून ठोकून झिजतं. पण मालकाला कळतं आणि तो गाडी घेऊन येतो. फट संपल्याची खबर कुणालाच लागत नाही.

मी कामाला लागलो उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये, लालचक्कीच्या बाजूला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. छावण्यांचे नंबर अजून पत्त्यात आहेत. दुरुस्तीला नाही म्हणायची रीत या गावात नाही. कुठलाही सुटा भाग इथे मिळतो, नाही मिळाला तर कुणीतरी खरादीवर करून देतो. आमचे उस्ताद टू-स्ट्रोकच्या काळातले. आरएक्स १०० त्यांनी डोळे मिटून उघडली असती, पण तिला मुळात टॅपेटच नाहीत. चार स्ट्रोकच्या गाड्या वाढल्या तसे ते टॅपेटकडे वळले आणि त्यांची एक सवय होती. लॉकनट आवळून झाला की गाडी सुरू करायचे, ऐकायचे आणि म्हणायचे, ‘थोडा बोलने दे.’ गिऱ्हाईक कुरकुरायचं. शेजारच्या गॅरेजमध्ये आवाज बंद करून देतात, असं ऐकवून जायचं. उस्ताद ढिम्म. कारण त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं, पण त्यांच्या हातून गेलेल्या गाड्यांचे व्हॉल्व्ह जळून परत आलेले मी पाहिले नाहीत.

पुढे मी अंबरनाथला आलो, कल्याण-बदलापूर रस्त्यावर स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. या गावात १९५३ पासूनची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आनंदनगरची एमआयडीसी आहे. त्यामुळे इथे गल्लीगल्लीत एखादा तरी निवृत्त फिटर किंवा टर्नर भेटतो, ज्याचं आयुष्य मापं घेण्यात गेलं. असेच एक काका मुलाची गाडी घेऊन आले. मी टॅपेट बघत होतो, ते मागे हात बांधून उभे. फिलर गेजची पट्टी घातली, ओढून बघितली, ‘बरोबर आहे’ म्हणालो. त्यांनी विचारलं, ‘कशावरून?’ मी म्हटलं, हाताला लागतं. ते म्हणाले, ‘हात सकाळी वेगळा असतो, संध्याकाळी वेगळा. दोन पट्ट्या घे.’

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं फिलर गेज घेऊन आले. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं, प्रत्येक पान कोरं सरळ. त्यांची रीत कारखान्यातली होती. मॅन्युअल ०.०८ म्हणत असेल तर ०.०८ ची पट्टी गेली पाहिजे आणि ०.१० ची अडली पाहिजे. एक जाते, दुसरी अडते, म्हणजे माप या दोघांच्या मध्ये आहे. घासून जाते का, सैल जाते का, हा वादच उरत नाही. माझ्या डब्यातली पट्टी त्यांनी उजेडात धरून दाखवली: टोकाला किंचित मुरडलेली, एका कडेला गंज. मुरडलेली पट्टी फटीत तिरकी बसते आणि अडते; आपण समजतो फट कमी आहे. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये फिलर गेज पान्ह्यांच्या डब्यात पडत नाही.

काकांनीच आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली. जुन्या गाडीच्या ॲडजस्टिंग स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून आपटून खोलगट होतं. वरून बघितलं तर चकचकीत दिसतं. नखाने चाचपलं की खळगा लागतो. पट्टी सपाट असते, ती त्या खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते. खळग्याची खोली ती मोजत नाही. मग पट्टी सांगते फट बरोबर, आणि इंजिन सांगतं आवाज. इथे नव्वद टक्के मिस्त्री पट्टीला बाजूला ठेवतात आणि आवाज जाईपर्यंत स्क्रू पिळतात. इलाज साधा आहे: स्क्रू बदलायचा, दांडीचं टोकही तपासायचं. चहापाण्याच्या खर्चातला भाग. पण त्यासाठी आधी स्क्रू बाहेर काढून बघावा लागतो.

डोंगरात फिरणाऱ्या गाड्या माझ्याकडे हळूहळू वाढत गेल्या. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली तेव्हा आमच्याकडे ती घेणारे थोडेच होते. उंच सीट, दीडशे सीसी. लोक म्हणायचे, एवढ्या पैशात वेगात पळणारी मिळते. ती काही वर्षांनी बंद झाली आणि बंद झाल्यावरच तिला मागणी आली. २०१६ मध्ये बुलेटच्याच कंपनीची हिमालयन, २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स. बदलापूरला घर घेतलेली तरुण मुलं आठवडाभर लोकलला लटकून मुंबई गाठतात आणि रविवारी कोंडेश्वर, बारवी धरण, मलंगगडाचा पायथा, चंदेरीखालची गावं, नाहीतर मुरबाडवरून माळशेज. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी घेतात. जुनी घेताना कान लावतात.

अशाच एका मुलाची गोष्ट. बदलापूरच्या कुळगावात राहायचा, जुनी हिमालयन घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘आवाज ऐका, मख्खन.’ खरंच होतं ते. महिन्याभरात सकाळी सुरू होईना, बॅटरी उतरेपर्यंत बटण दाबावं लागे. चढावर दम टाकायची, सिग्नलला बंद पडायची. त्याने प्लग बदलला, फिल्टर बदलला, पेट्रोल पंपाला दोष दिला. माझ्याकडे आला तेव्हा रात्रभर गाडी ठेवून घेतली आणि सकाळी उघडली. एक्झॉस्टच्या रॉकरला बोट लावलं तर हलत नव्हता. सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत गेली नाही.

हे कसं झालं असेल ते मला पुढे अशा अनेक गाड्या पाहून उमगलं. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला पुशरॉड असतात. तिचे टॅपेट लावायला पट्टी लागत नाही. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत धरायचा; तो सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. म्हणजे फट जवळपास शून्य. त्या इंजिनाला तेच बरोबर आहे आणि आपल्याकडच्या चांगल्या बुलेट मिस्त्र्यांची बोटं त्यात तयार झालेली आहेत. हिमालयनच्या टाकीवर कंपनीचं नाव तेच, म्हणून लोकांनी ती त्यांच्याकडे नेली. पण ४११ सीसीचं हे इंजिन जातीने वेगळं आहे. कॅम वर हेडमध्ये, पुशरॉड नाहीत, रॉकरला स्क्रू आणि लॉकनट, आणि फट मोजून ठेवायची. तिथे बोटाने शून्य लावलं की इंजिन त्या दिवशी फार गोड चालतं.

त्या मुलासमोर मी हेड उतरवलं. उलटं करून बाकावर ठेवलं, प्लगच्या भोकाला जुना प्लग बसवला आणि व्हॉल्व्हवर थोडं पेट्रोल ओतलं. इनटेककडून काही गळलं नाही. एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये बोट घातलं तर ओलं. थोड्या वेळाने थेंब दिसायला लागले. स्प्रिंग दाबून व्हॉल्व्ह बाहेर काढला तेव्हा कडेला एका जागी करडी, खडबडीत खाच होती, बाकी कड तांबूस आणि गुळगुळीत. तो मुलगा बराच वेळ ती खाच अंगठ्याने चाचपत राहिला. म्हणाला, ‘काका, आवाज तर काहीच नव्हता हो.’ नवा व्हॉल्व्ह, सीट कापणं, पेस्टने लॅपिंग, गॅस्केट, ऑइल सील. गाडी घेताना घासाघीस करून वाचवलेले सगळे पैसे त्यात गेले.

यातली नाजूक गोष्ट विकणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि ती मी स्पष्ट सांगतो. जुन्या गाड्यांचा व्यापार करणारे एक शेठ बरीच वर्षं माझ्याकडे काम पाठवत. गाडी धुवायची, पॉलिश, ब्रेक शू, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘मिस्त्री, आवाज मार दो बस. तीन महिना चले तो बहुत है.’ मी मापाने लावून द्यायचो. थोडी टिकटिक राहायची. शेठनी दोनदा गाड्या परत पाठवल्या, मग पाठवणंच बंद केलं. त्या पावसाळ्यात गॅरेजचं भाडं थकलं होतं आणि घरात यावरून बोलणंही झालं, कारण एक चतुर्थांश फेरी स्क्रू पिळायला काय जातं, हा प्रश्न घरच्यांना पडणं साहजिक होतं. मला तो स्क्रू पिळायचा नव्हता. ती गाडी पुढे कुणाची होणार हे मला साधारण माहीत होतं: कुळगावातल्या त्या मुलासारख्या कुणाची तरी, ज्याचे हप्ते अजून सुरूही झालेले नसतील.

गिऱ्हाइकाला समोर बसवून काम करायची पद्धत मी तेव्हापासून पाडली. माप घ्यायला इंजिन थंड हवं. जपानी मॅन्युअलांत इंजिन ३५ अंशांच्या खाली असताना मापं घ्या असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी उभ्या गाडीचं इंजिनसुद्धा ३५ च्या खाली नसतं. म्हणून गाडी रात्री ठेवून जायची आणि पहाटे यायचं. ‘दोन तास थांबली आहे, थंड झाली’ हे मी ऐकून घेत नाही. जुनी गाडी बघायला जाणाऱ्यालाही मी हेच सांगतो: मालकाला आधी कळवून ठेवा की गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या हेडवर हात ठेवा. गरम लागली तर चहा पिऊन परत या, सौदा दुसऱ्या दिवशी करा.

सीट काढायची, टाकी उतरवायची, प्लग काढायचा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. मॅग्नेट कव्हरवरची दोन टोपणं काढायची. एकातून सॉकेट लावून क्रँक फिरवायचा, दुसऱ्यातून टी खूण बघायची. खूण जुळली म्हणजे पिस्टन वर आला. पण दोन फेऱ्यांत तो दोनदा वर येतो आणि त्यातल्या एकदाच दोन्ही व्हॉल्व्ह पुरते बंद असतात. शिकाऊ पोरांना सांगितलेलं असतं की दोन्ही रॉकर बोटाने हलले तर जागा बरोबर, नाही हलले तर आणखी एक फेरी. नव्या गाडीत हे चालतं. टॅपेट आवळलेल्या गाडीत बरोबर जागेवरसुद्धा रॉकर हलत नाही, मग पोरगा फेऱ्यावर फेऱ्या मारत बसतो आणि शेवटी चुकीच्या जागी माप घेतो. त्यापेक्षा इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवायची. तो खाली जाऊन वर आला, की त्यानंतर येणारी पहिली टी खूण ती खरी. आणखी एक: लॉकनट आवळताना स्क्रू किंचित सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा दोन्ही पट्ट्या घालायच्या. मग क्रँकला दोन पूर्ण फेऱ्या देऊन परत मोजायचं. या परत मोजण्याला कंटाळणारा पोरगा माझ्याकडे टिकत नाही.

टॅपेट कव्हर उघडलं की आणखीही बरंच कळतं. चांगल्या गाडीत रॉकरवर स्वच्छ ऑइल असतं. काळा डांबरासारखा थर म्हणजे ऑइल बदलायला कंजुषी केलेली. आणि कव्हरच्या आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा फेस दिसला की पाणी आत जाऊन आलेलं आहे. आमच्या भागात हे नवं नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आणि वालधुनी दोन्ही वस्तीत शिरल्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हा बदलापुरातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या होत्या. बुडालेली गाडी सुरू करून बघण्याचा मोह आवरायचा असतो. प्लग काढून पाणी बाहेर, ऑइल बाहेर, मग पुढचं. ते न करता बटण दाबलेल्या गाड्या पुसून-पासून पुढच्या हिवाळ्यात विकायला आल्या. त्यांचे कागद स्वच्छ होते, कव्हरखाली फेस होता.

पाण्यापेक्षाही व्हॉल्व्हचा खरा वैरी धूळ आहे. दिवाळी झाली की बारवीकडच्या कच्च्या रस्त्यांवर, खदाणींच्या बाजूला, डंपर चालतात तिथे मुरुमाची धूळ घोट्यापर्यंत साचते. पुढच्याच्या मागे दहा हातांवर चालणाऱ्या गाडीला हवेऐवजी धूळच मिळते. एअर फिल्टर फाटका असेल किंवा कडेने नीट बसला नसेल, तर ती इनटेक व्हॉल्व्हवर येऊन त्याचं तोंड आणि सीट खरवडते. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसू लागतो, दांडी तेवढी वर येते आणि फट कमी होते. कुणी स्क्रूला हात न लावताही कमी होते. लोकांना वाटतं झीज झाली की फट वाढते. रॉकर झिजला तर वाढते, सीट झिजली तर घटते. डोंगरातल्या गाड्यांत मी दुसरंच जास्त पाहिलं. त्यात पहिल्या गिअरमध्ये रेटत, वाऱ्याशिवाय, तासन् तास चढ चढायचा; किलोमीटर वीससुद्धा होत नाहीत आणि इंजिन दिवसभर तापलेलं असतं. स्पर्धेच्या डर्टबाइकना म्हणूनच तास मोजणारं मीटर असतं आणि त्यांचं व्हॉल्व्हचं वेळापत्रक तासांवर चालतं. जुन्या गाडीचं मीटर ‘फक्त अकरा हजार’ दाखवत असेल, तर ते अकरा हजार कुठले, हे मी आधी विचारतो.

माझ्या कामाला खरं वळण मिळालं ते वहीमुळे. आधी मी फट मोजायचो, लावायचो, विसरायचो. मग प्रत्येक गाडीमागे एक पान ठेवलं: तारीख, किलोमीटर, उघडल्यावर मिळालेलं माप, लावून दिलेलं माप. ‘उघडल्यावर मिळालेलं’ हा रकाना महत्त्वाचा. एका वेळच्या आकड्याने फारसं काही कळत नाही. दोन वेळचे आकडे शेजारी आले की झिजण्याचा वेग दिसतो. एखाद्या एक्सपल्सचा इनटेक दर खेपेला तेवढाच घटलेला सापडला, तर मी मालकाला सांगू शकतो की फिल्टरचं बघ, आणि अमुक पावसाळ्यानंतर हेडचा खर्च येईल, पैसे बाजूला ठेव. एखाद्या खेपेला अचानक दुप्पट घटली तर तिथेच थांबून कारण शोधायचं. वही सुरू झाल्यावर गिऱ्हाइकाशी माझं बोलणंच बदललं. ‘मिस्त्री म्हणतोय म्हणून’ याच्या जागी कागद आला. गाडी विकताना त्या पानाचा फोटो दाखवून भाव टिकवणारे मालकही मी पाहिले.

वहीने दुसरा एक प्रश्नही थोडा सोडवला, पैशाचा. टॅपेट तपासले, दोन्ही मापात निघाले, काही हलवायची गरज नाही. तरी टाकी उतरवून परत चढवण्यात सकाळ गेलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, काही केलंच नाही तर मजुरी कसली? पूर्वी अशा वेळी अर्धे पैसे घेऊन मी गप्प बसायचो. आता पूर्ण घेतो. मापात आहे हे कळणं हेच काम होतं. डॉक्टरकडे तपासून सगळं ठीक निघालं म्हणून आपण फी कापत नाही. हे पटायला लोकांना वेळ लागतो, काहींना पटत नाही, ते दुसरीकडे जातात. फक्त ऑइलचे आणि धुण्याचे पैसे द्यायची आपली सवय आहे. मोजण्याचे पैसे द्यायची नाही, आणि छोट्या गॅरेजमध्ये मोजमाप होत नाही त्याचं हेही एक कारण आहे.

गाड्याही बदलल्या. २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं, इंजेक्शन सगळीकडे झालं. व्हॉल्व्ह थोडा आवळला असला तरी इंजेक्शनचं यंत्र आयडलिंग सांभाळून घेतं, त्यामुळे लक्षण उशिरा दिसतं. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, २०२३ अखेरीची हिमालयन ४५० यांना दोन-दोन कॅम, स्क्रू नाहीच. फट शिमने ठरते. शिम म्हणजे नखाएवढी पोलादी चकती. माप चुकलं तर जुनी शिम काढून मायक्रोमीटरने मोजायची आणि हिशेब करायचा: जुनी शिम, अधिक मिळालेली फट, वजा हवी असलेली फट. फट ०.०५ मिळाली, हवी ०.१२, तर ०.०७ ने पातळ चकती. ती बहुधा ०.०५ च्या टप्प्याने मिळते, म्हणून जवळची निवडून फट ठरलेल्या हद्दीत बसते का ते पाहायचं. यात कानाला काही कामच नाही, आणि मला ते आवडतं. माझ्याकडचा मायक्रोमीटर त्याच काकांनी निवडून दिलेला आहे.

बदलापूरला शाळेत शिकवणाऱ्या एक बाई एक्सपल्स चालवतात, तीही जुनी घेतलेली. पहिल्यांदा आल्या तेव्हा शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि सगळं बघितलं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, ‘दादा, यावेळी मला करू द्या. तुम्ही फक्त बघा.’ दोन पट्ट्यांची रीत त्यांनी जशी सांगितली तशी पाळली. जाते, अडते; आवळलं; पुन्हा जाते, अडते. माझ्याकडची पोरं वर्षभर जे शिकायला कुरकुरतात ते त्यांना त्या सकाळीच जमलं, कारण आवाजाने टॅपेट लावायची सवय त्यांच्या हाताला कधी लागलीच नव्हती. गाडी सुरू केली. हलकी टिकटिक होती. त्या ऐकून म्हणाल्या, ‘एवढी हवी ना?’ मी मान हलवली. आता त्या घरीच करतात आणि आकडे मला फोनवर पाठवतात. वहीत त्यांचं पान मी भरतो.

त्यांच्यासोबत गाड्या चालवणाऱ्या ग्रुपमधले इतरही आता मेच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आत, शनिवारी संध्याकाळी गाड्या गॅरेजवर लावून लोकलने घरी जातात आणि रविवारी सहाच्या आत हजर होतात. एकेकाला त्याच्याच गाडीसमोर बसवतो, पट्ट्या हातात देतो. यंदा त्यात दोन केटीएम आहेत, म्हणून शिमचा डबा आधीच मागवून ठेवला आहे.